आपल्या भागाचा महागाई दर: कसा वाचायचा, कसा काढायचा आणि करारात कसा वापरायचा

ऑगस्ट २०२२ मध्ये एस्टोनियाचा वार्षिक महागाई दर २५.२ टक्के होता आणि फ्रान्सचा ६.६ टक्के. दोन्हीकडे चलन युरोच, व्याजदर ठरवणारी मध्यवर्ती बँकही एकच. संपूर्ण युरो क्षेत्राचा दर त्या महिन्यात ९.१ टक्के निघाला. ‘युरो क्षेत्रात महागाई ९ टक्के’ ही बातमी खरीच होती, पण ती ना टालिनमधल्या कुटुंबाची होती ना पॅरिसमधल्या. फ्रान्सने वीज आणि गॅसच्या दरवाढीवर सरकारी मर्यादा घातली होती. एस्टोनियासारख्या बाल्टिक देशांत मात्र बाजारातले चढे दर ग्राहकाच्या बिलात लवकर उतरले, शिवाय तिथल्या घरखर्चात ऊर्जेचा वाटाही मोठा आहे.

देशादेशांत दिसणारी ही तफावत एकाच देशाच्या राज्याराज्यांत, शहरात आणि खेड्यातही असते. फक्त इतकी ठळक नसते, म्हणून नजरेतून सुटते. मी पगारवाढीच्या वाटाघाटींसाठी महागाईच्या आकड्यांचे तक्ते तयार करते. चुकीच्या ओळीतला आकडा उचलल्यामुळे लोकांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे, आणि एकदा करारावर सही झाली की ते पुढची तीन-तीन वर्षं भरून निघत नाही. म्हणून मी ज्या क्रमाने आकडे तपासते, तोच क्रम इथे देते आहे. कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. स्प्रेडशीट असेल तर काम लवकर होईल.

पायरी १: ‘महाग’ आणि ‘महागतंय’ यांत गल्लत करू नका

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. पायाभूत वर्षातल्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या वर्षातल्या, किमती १०० धरल्या तर आज त्या किती झाल्या, ते ग्राहक किंमत निर्देशांक दाखवतो. एका भागाचा हा निर्देशांक १२५ आहे, दुसऱ्याचा ११०. पहिला भाग जास्त महाग आहे का? या दोन आकड्यांवरून ते कळूच शकत नाही.

समजा, पायाभूत वर्षात पहिल्या भागात घरभाडं २० एकक होतं, ते २५ झालं. दुसऱ्या भागात ६० होतं, ते ६६ झालं. पहिल्याचा निर्देशांक १२५, दुसऱ्याचा ११०. तरीही दुसऱ्या भागातलं घर आजही पहिल्याच्या अडीचपटीहून महाग आहे. प्रत्येक भागाची सुरुवात त्याच्या स्वतःच्या १०० पासून होते. कोण किती पुढे सरकलं एवढंच निर्देशांक सांगतो. कोण कुठे उभं आहे ते सांगत नाही.

नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जावं का, हा प्रश्न असेल तर महागाई दर बाजूला ठेवा. त्यासाठी किमतींच्या पातळीची तुलना करणारी वेगळी आकडेवारी लागते. अमेरिकेत अशी आकडेवारी ‘रिजनल प्राइस पॅरिटी’ या नावाने निघते. त्यात देशाची सरासरी १०० धरून प्रत्येक राज्य त्याच्या वर आहे की खाली ते दाखवतात. महागाईचा निर्देशांक काढणारी तिथली संस्था वेगळी आहे, आणि आमचे आकडे दोन शहरांतला खर्च ताडून पाहण्यासाठी वापरू नका, असं ती संस्था स्वतःच स्पष्टपणे सांगते.

पायरी २: हा निर्देशांक कोणाचा आहे ते बघा

तक्त्याच्या शीर्षकाखालची बारीक अक्षरं आधी वाचा. तिथे चार गोष्टी शोधा: कोणता भूभाग, कोणती लोकसंख्या, कोणतं पायाभूत वर्ष आणि घरखर्च कसा धरला आहे.

भूभागाचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक किंमत निर्देशांक आठ राजधानी शहरांतल्या किमतींवरून काढतात. त्या शहरांपासून दूर राहणाऱ्या माणसाचा खर्च त्यात थेट येतच नाही, तरी बातमीत तो ‘देशाचा महागाई दर’ असतो. अमेरिकेत सर्व नागरी ग्राहकांसाठी एक निर्देशांक असतो आणि नागरी भागातले मजुरीवर काम करणारे व कारकुनी काम करणारे यांच्यासाठी दुसरा. सामाजिक सुरक्षा पेन्शनमधली वाढ या दुसऱ्यावरून ठरते. एकाच महिन्यात, एकाच देशात दोघांचे दर वेगळे निघू शकतात.

भारतात २०१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत ग्रामीण, नागरी आणि एकत्रित असे तीन निर्देशांक होते. खाद्य आणि पेय गटाचा भार, म्हणजे एकूण खर्चातला त्याचा वाटा, ग्रामीण निर्देशांकात ५४.१८ टक्के होता, नागरी निर्देशांकात ३६.२९. घरभाड्याच्या गटाचा नागरी भार २१.६७ होता, आणि ग्रामीण निर्देशांकात हा गट नव्हताच. या मालिकेतले ग्रामीण आणि नागरी दर शेजारी ठेवून ‘खेड्यात महागाई जास्त’ असं म्हणणारा माणूस खरं तर दोन वेगळ्या टोपल्यांची, म्हणजे निर्देशांकात धरलेल्या वस्तू-सेवा आणि त्यांच्या भारांची, तुलना करत असतो.

घराचा प्रश्न देशोदेशी वेगळ्या पद्धतीने सोडवला जातो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याने भाडं भरलं असतं तर किती भरलं असतं, हे काही ठिकाणी अंदाजाने मोजतात. युरोपच्या सामायिक निर्देशांकात स्वतःच्या मालकीच्या घराचा हा खर्च धरत नाहीत. त्यामुळे दोन देशांतले प्रदेश ताडून पाहताना घराचा गट काढून उरलेला दर एकदा वेगळा बघाच.

पायरी ३: दर स्वतः काढा

छापून आलेला दर उचलण्याऐवजी निर्देशांक घ्या आणि भागाकार स्वतः करा. यावर्षीच्या महिन्याचा निर्देशांक भागिले मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा निर्देशांक, वजा १, गुणिले १००.

मागच्या वर्षी १२४.० आणि यंदा १३०.२ असेल, तर वाढ ६.२ अंकांची झाली, पण महागाई दर ६.२ भागिले १२४, म्हणजे ५ टक्के. अंकांची वाढ म्हणजेच टक्के समजण्याची चूक फार वेळा होते. निर्देशांक १०० पासून जितका दूर, तितकी ही चूक महागात पडते.

आणखी दोन सवयी लावून घ्या. तुलना त्याच महिन्याशी करा, कारण शेतमाल, कपडे, प्रवास यांच्या किमती मोसमानुसार वरखाली होतात. आणि मासिक वाढीला १२ ने गुणून वार्षिक दर काढू नका. महिन्याला ०.८ टक्के वाढ वर्षभर टिकली तर ती ९.६ नव्हे, सुमारे १० टक्के होते, कारण वाढीवर वाढ चढत जाते. दर मोठा असेल तर हे अंतर खूप रुंदावतं.

पायरी ४: मागच्या वर्षी काय झालं होतं ते विचारा

आता दोन भाग घेऊ. ‘अ’चा जूनचा निर्देशांक तीन वर्षांत असा: १००, ११२, ११५.४. ‘ब’चा असा: १००, १०६, ११२.४. तिसऱ्या वर्षी ‘अ’चा महागाई दर ३ टक्के येतो, ‘ब’चा ६ टक्के. मथळा असा होईल की ‘ब’मध्ये महागाई दुप्पट.

पण दोन वर्षं एकत्र बघा. ‘अ’मध्ये किमती १५.४ टक्के वाढल्या, ‘ब’मध्ये १२.४. ‘अ’मधल्या माणसाला धक्का आधीच बसला होता. यंदाचा कमी दर त्या उंचावलेल्या पायावरून मोजलेला आहे, आणि दर उतरला म्हणून त्याच्या खर्चातलं काहीच कमी झालेलं नाही. पगारवाढ दोन वर्षांतून एकदा होत असेल तर ‘अ’च्या कामगाराला ३ टक्क्यांवर गप्प बसवणं अन्यायाचं आहे. म्हणून एकाच वर्षाच्या दरावर मी कधीच थांबत नाही. शेवटची पगारवाढ ज्या महिन्यापासून लागू झाली, त्या महिन्याचा निर्देशांक पाया म्हणून घ्या. वर्ष पूर्ण झालं नसेल किंवा सव्वादोन वर्षं झाली असतील, तरी चालतं.

वीजदर, पाणीपट्टी, बसभाडं असे सरकारी निर्णयाने बदलणारे दर एका झटक्यात वाढतात. तो झटका त्या भागाच्या महागाई दरात बरोबर १२ महिने दिसतो आणि तेराव्या महिन्यात गायब होतो. तेव्हा दर उतरलेला दिसतो, वाढलेलं बिल मात्र तेवढंच राहतं.

पायरी ५: फरक कुठून आला ते उलगडा

दोन भागांच्या दरात फरक दिसला की पहिला प्रश्न असा: किमती वेगळ्या वाढल्या, की टोपली वेगळी आहे? हे वेगळं काढता येतं, आणि ते समजल्याशिवाय कोणताही युक्तिवाद टिकत नाही. या पायरीला वेळ द्या.

निर्देशांक म्हणजे भारित सरासरी. कुटुंबं कशावर किती खर्च करतात याच्या पाहणीतून प्रत्येक गटाचा भार ठरतो. पायाभूत काळातली टोपली स्थिर ठेवून आजच्या किमती मोजण्याचं सूत्र जर्मन अर्थशास्त्रज्ञ एटिएन लास्पेयर यांनी १८७१ मध्ये मांडलं. आजचे बहुतेक निर्देशांक त्याच घराण्यातले आहेत.

आता नवं उदाहरण घेऊ, आधीचे आकडे विसरा. ‘अ’ भागाचे भार असे धरा: अन्न ४०, भाडं १५, इंधन-वीज १०, वाहतूक १२, इतर २३. ‘ब’ भागाचे: अन्न २८, भाडं २७, इंधन-वीज ८, वाहतूक १४, इतर २३. वर्षभरात दोन्हीकडे अन्न ८ टक्के, इंधन-वीज ५, वाहतूक ३ आणि इतर ४ टक्क्यांनी वाढलं. फक्त भाडं वेगळं वागलं: ‘अ’मध्ये २ टक्के, ‘ब’मध्ये ७ टक्के.

प्रत्येक गटाचा भार गुणिले त्याची वाढ भागिले १००, हे त्या गटाचं योगदान. ‘अ’मध्ये अन्नाचं ३.२०, भाड्याचं ०.३०, इंधन-वीजेचं ०.५०, वाहतुकीचं ०.३६, इतरचं ०.९२. बेरीज ५.२८ टक्के. ‘ब’मध्ये याच क्रमाने २.२४, १.८९, ०.४०, ०.४२, ०.९२. बेरीज ५.८७ टक्के.

अन्न दोन्हीकडे ८ टक्क्यांनीच महागलं, तरी ‘अ’च्या दरातला निम्म्याहून जास्त वाटा त्याचा आहे. तिथे खिशाला बसलेली झळ अन्नाची आहे, ‘ब’मध्ये ती भाड्याची आणि अन्नाची मिळून आहे. दर जवळपास सारखे असूनही दुखणं वेगळं, म्हणून मागणीही वेगळी हवी.

आता ‘अ’चे भार तसेच ठेवा आणि किमतींची वाढ ‘ब’ची लावा. भाड्याचं योगदान १.०५ होतं आणि एकूण दर ६.०३ येतो. म्हणजे ५.२८ वरून ६.०३, हा ०.७५ चा फरक निव्वळ किमतींचा. तिथून ५.८७ पर्यंत दर ०.१६ ने खाली आला, तो टोपली बदलल्यामुळे. टोपली एकच असती तर दोन भागांतलं अंतर दिसतं त्यापेक्षा मोठं असतं. मथळ्यातल्या ०.५९ मध्ये हे सगळं दडलेलं होतं.

खरी आकडेवारी घेऊन बसाल तेव्हा एक काळजी घ्या. छापलेले भार पायाभूत वर्षातले असतात, आणि किमती वेगवेगळ्या गतीने वाढल्या की ते सरकतात. अन्नाचा मूळ भार ४०, पण मागच्या वर्षी अन्नाचा निर्देशांक १५० आणि एकूण निर्देशांक १३० झालेला असेल, तर त्या वेळचा खरा भार ४० गुणिले १५० भागिले १३०, म्हणजे सुमारे ४६. वर्षभराचं योगदान काढताना हा सरकलेला भार वापरा. योगदानांची बेरीज छापलेल्या दराशी जुळत नसेल, तर बहुधा हीच गोष्ट राहून गेलेली असते.

गटांची विभागणी एकसारखी आहे ना, तेही तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाच्या १९९९ च्या आवृत्तीत घरखर्चाचे १२ विभाग होते, २०१८ च्या आवृत्तीत १३ झाले. एका देशाने नवी आवृत्ती घेतली आणि दुसऱ्याने नाही, तर नाव तेच असलं तरी आतल्या वस्तू वेगळ्या असू शकतात.

पायरी ६: लहान भागाच्या आकड्यावर लगेच विश्वास टाकू नका

देशाचा निर्देशांक हजारो ठिकाणच्या किमतींवर उभा असतो. भाग जितका लहान, तितक्या तिथे नोंदवलेल्या किमती कमी. मग दोन-चार दुकानांतल्या बदलानेही आकडा हलतो. अमेरिकेत चार विभागांचे आणि काही मोठ्या महानगरांचे निर्देशांक वेगळे निघतात, पण महानगरांचे आकडे राष्ट्रीय कामाच्या ओघात मिळालेलं उपउत्पादन आहे आणि त्यात नमुन्यामुळे होणारी चूक जास्त असते, असं तिथली संस्था सांगते. करारासाठी राष्ट्रीय किंवा मोठ्या विभागाचा निर्देशांक घ्यावा, असा तिचा सल्ला आहे.

भाड्याचा आकडा तर मुळातच सावकाश चालतो. अमेरिकेत नमुन्यातल्या प्रत्येक घराचं भाडं सहा महिन्यांतून एकदा नोंदवतात, आणि त्यात जुने भाडेकरूही असतात. आज नवं घर शोधणाऱ्याला जी भाववाढ दिसते, ती निर्देशांकात उतरायला बराच काळ जातो.

उपाय साधा आहे. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची सरासरी घ्या आणि ती मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांच्या सरासरीशी ताडा. करार मोठा असेल तर बारा महिन्यांची सरासरी घ्या. दोन भागांतला फरक दशांशातला असेल आणि महिन्यागणिक चिन्ह बदलत असेल, तर ‘फरक नाही’ असंच लिहा. आकड्यापुढे ‘तात्पुरता’ अशी खूण असेल तर अंतिम आकडा येईपर्यंत थांबा.

सगळ्या भागांच्या दरांची साधी सरासरी काढून तिला देशाचा दर म्हणणं हीही चूकच. प्रत्येक भागाला त्याच्या एकूण ग्राहकखर्चाइतका भार असतो. त्यामुळे मोठा, जास्त खर्च करणारा भाग राष्ट्रीय दर आपल्याकडे ओढतो, आणि लहान भागात दर कितीही उसळला तरी राष्ट्रीय आकड्यात त्याची लाट दिसत नाही.

पायरी ७: पायाभूत वर्ष बदललं तर जोड द्या

ठराविक वर्षांनी टोपली नवी होते आणि निर्देशांक पुन्हा १०० पासून सुरू होतो. जुन्या मालिकेतला मागच्या वर्षीचा आकडा आणि नव्या मालिकेतला यंदाचा, असे दोन आकडे तसेच भागले तर उत्तर निरर्थक येतं. एका चर्चेत समोरच्या बाजूने नेमकं हेच केलं होतं, आणि किमती उतरल्या आहेत असं तक्त्यात दिसत होतं. गणित समजावून सांगण्यातच त्या दिवशीची अख्खी बैठक गेली.

दोन्ही मालिका ज्या काळात सोबत चालल्या, तो काळ शोधा. तेव्हा जुना निर्देशांक १६८ आणि नवा १०५ असेल तर जोडगुणक १६८ भागिले १०५, म्हणजे १.६. यंदाचा नवा निर्देशांक ११० असेल तर जुन्या मोजपट्टीवर तो १७६. वर्षभरापूर्वी जुना १६५ असेल तर महागाई दर ६.७ टक्के. सांख्यिकी संस्थेने जोडगुणक जाहीर केला असेल तर तोच वापरा. प्रत्येक भागाचा गुणक वेगळा असू शकतो. देशाचा गुणक राज्याला लावू नका.

पायरी ८: आपल्या घराचा दर काढा

प्रादेशिक दर ही सरासरी आहे. नेमकं त्या सरासरीसारखं कुटुंब शोधूनही सापडणार नाही. वर्षभराचा खर्च गटवार मांडा. एका महिन्याचा नको, कारण शाळेची फी, विमा, दुरुस्ती हे खर्च वर्षातून एकदाच येतात. प्रत्येक गटाचा एकूण खर्चातला वाटा म्हणजे तुमचा भार. त्याला तुमच्या भागाची गटवार वाढ लावा.

पायरी ५ मधल्या ‘ब’ भागातल्या एका भाडेकरू कुटुंबाचे वाटे असे धरा: भाडं ३५, अन्न ३०, इंधन-वीज ८, वाहतूक १२, इतर १५. योगदानं २.४५, २.४०, ०.४०, ०.३६ आणि ०.६०, बेरीज ६.२१ टक्के. भागाचा दर ५.८७ होता. कर्जाचा हप्ता, बचत आणि आयकर यात धरू नका, ते उपभोगाचा खर्च नाहीत.

आता पगाराशी गाठ घाला. पगार ६ टक्के वाढला असेल, तर १.०६ भागिले १.०६२१. उत्तर १ पेक्षा किंचित कमी येतं, म्हणजे या घराची खरी कमाई घटली. याच भागाच्या सरासरी दराने मोजलं तर ती ०.१२ टक्के वाढलेली दिसते, आणि ‘अ’ भागात हाच पगार ०.६८ टक्क्यांची खरी वाढ देतो.

पायरी ९: करारात लिहिताना

‘महागाईनुसार वाढ’ एवढंच लिहिलेलं कलम नंतर भांडणाचं मूळ होतं. निर्देशांकाचं पूर्ण नाव लिहा: भूभाग, लोकसंख्या, पायाभूत वर्ष. कोणत्या महिन्याची किंवा किती महिन्यांच्या सरासरीची तुलना कोणाशी, ते लिहा. तात्पुरता आकडा नंतर बदलला तर फरक द्यायचा की नाही, हे ठरवा. पायाभूत वर्ष बदललं तर अधिकृत जोडगुणक लागेल आणि मालिकाच बंद झाली तर कोणती घ्यायची, यासाठी दोन ओळी घाला. दर शून्याखाली गेला तर पगार किंवा भाडं कमी होणार का, तेही स्पष्ट करा. वाढीला कमाल मर्यादा घालायचा आग्रह होत असेल, तर मर्यादेमुळे राहून गेलेली वाढ पुढच्या वर्षी मिळेल, असं वाक्य मागून घ्या. आणि शेजारी एक नमुना गणित, खऱ्या निर्देशांकांसह, कराराला जोडा. दोन्ही बाजूंनी त्यावर सही करावी.